रुग्णसेवा आणि संगणकसेवा : सांगड घालण्याचा आमचा अनुभव

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासन विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून एक प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "आमच्या पैशातून खाटा येतात, औषधे येतात, ते आम्हांला डोळ्यांनी दिसते. पण संगणकावर तुम्ही दरवर्षी एवढा खर्च दाखवता, त्यातून रुग्णाच्या पदरात नेमके काय पडते?" त्या दिवशी वेळ अपुरा होता आणि, खरे सांगायचे तर, आमच्यापाशी उत्तरही अपुरे होते. वर्षभर आम्ही त्या प्रश्नाचा पाठपुरावा केला. आज जे मांडत आहोत ते त्याचेच उत्तर आहे. त्यात आमच्या काही चुकांची कबुलीही येईल. वार्षिक अहवालात चुका छापण्याचा प्रघात नाही याची आम्हांला जाणीव आहे. परंतु ज्यांनी पैसा दिला त्यांना तो कोठे वाया गेला हेही कळावयास हवे.

प्रारंभ एका प्रसंगापासून करतो. काही वर्षांपूर्वी एका रात्री कडबाकुट्टीच्या यंत्रात हात सापडलेला एक शेतमजूर आमच्या अपघात विभागात आला. डॉक्टरांनी क्षणाचाही विलंब न लावता उपचार सुरू केले. त्याबाबत कोणालाही बोट दाखविण्यास जागा नाही. मात्र त्याच वेळी खिडकीवर त्याच्या थोरल्या भावाला अनामत रक्कम भरण्यास सांगितले गेले. आमच्या तत्कालीन संगणक प्रणालीत आंतररुग्णाचा केसपेपर काढताना अनामत रकमेचा रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे, आणि त्या रकान्यात शून्य चालत नसे. रात्रपाळीचा कारकून नवखा होता. त्याने जे पडद्यावर दिसले तेच सांगितले. भाऊ रात्रीच गावी परतला आणि सकाळी पैसे घेऊन आला. रुग्ण बरा झाला. पंधरा दिवसांनी आमच्या समाजसेविका निर्धन रुग्णाचा अर्ज भरून घेण्यास बसल्या तेव्हा उलगडा झाला, की पहाटे शेजाऱ्याला दुभती गाय पडेल त्या भावाने विकून ते पैसे उभे केले होते. रक्कम आम्ही तत्काळ परत केली. गाय परत आली नाही.

चौकशी केली तेव्हा कारकून म्हणाला, "संगणक पुढे जाऊ देत नव्हता." प्रणाली पुरविणारे म्हणाले, "शून्य चालावे असे तुम्ही आम्हांला कधी सांगितलेच नाही." दोघेही खरे बोलत होते. ती प्रणाली शहरातील खाजगी रुग्णालयांसाठी घडविलेली होती आणि तेथे तो नियम चुकीचा नव्हता. तिची मागणी-सूची आमच्या लेखा विभागाने आणि पुरवठादाराने मिळून, एका दुपारी, बंद खोलीत तयार केली होती. त्या खोलीत मेट्रन नव्हत्या, समाजसेविका नव्हत्या, रात्रपाळीचा एकही माणूस नव्हता. यंत्र उत्तम चालत होते. फक्त ते आमच्या संस्थेचे काम करीत नव्हते.

आता आमच्या संस्थेचे काम कोणते, हे येथे स्पष्ट करणे भाग आहे. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत यासाठी 'बिझनेस' असा शब्द येतो. धर्मादाय संस्थेत तो उच्चारला की कानाला खटकतो आणि ते स्वाभाविक आहे. पण त्याचा अर्थ नफा असा न घेता संस्थेचे नियत कार्य असा घेतला, तर तो आपल्यालाही लागू पडतो. आपल्या बाबतीत तर हे कार्य कायद्यानेच लिहून दिले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम ४१ ककखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. म्हणजे ज्या रकान्यात शून्य चालत नव्हते, त्या रकान्यात शून्य लिहिणे हेच मुळी आमचे नियत कार्य होते!

या विषयावर परदेशांत बराच विचार झाला आहे. १९९३ साली हेंडरसन आणि वेंकटरामन या दोन अभ्यासकांनी एक मांडणी केली, ती आजही प्रमाण मानली जाते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : संस्थेने काय करावयाचे ठरविले आहे, प्रत्यक्ष काम कसे चालते, संगणकाबाबत कोणते धोरण आहे आणि प्रत्यक्षात कोणती यंत्रणा बसविली आहे, या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, एकीत बदल झाला की उरलेल्या तिन्हींकडे पाहिले पाहिजे. आमच्याकडे पहिली गोष्ट विश्वस्त मंडळाच्या ठरावात होती, दुसरी मेट्रनच्या डोक्यात, तिसरी कोठेच नव्हती आणि चौथी पुरवठादाराच्या बिलात. चौघींची गाठ कधी पडली नव्हती.

अशी गल्लत केवळ लहान गावातील रुग्णालयातच होते असे मात्र नाही. लॉस एंजेलिसमधील सीडार्स-सायनाय या नामांकित रुग्णालयात २००२ साली डॉक्टरांनी औषधांच्या आणि तपासण्यांच्या सूचना संगणकावरच द्याव्यात अशी व्यवस्था सुरू झाली. हेतू निर्मळ होता. वाईट हस्ताक्षरामुळे होणाऱ्या चुका टळाव्यात. परंतु कागदावर क्षणात लिहून होणाऱ्या सूचनेसाठी डॉक्टरांचा कितीतरी अधिक वेळ जाऊ लागला. शेकडो डॉक्टरांनी विरोध केला आणि २००३च्या जानेवारीत ती व्यवस्था बंद करावी लागली. पुढे त्याच रुग्णालयात संगणकीय नोंदी आल्या व रुळल्या. दोष संगणकाच्या कल्पनेत नव्हता, तर तो ज्यांनी वापरावयाचा त्यांच्या दिवसाचा विचार न करता आणण्यात होता.

इंग्लंडमधील उदाहरण याहून मोठे आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी २००२ साली देशव्यापी संगणकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला गेला. अंदाजित खर्च अकरा अब्ज पौंडांच्या वर गेला आणि २०११ साली सरकारने तो गुंडाळत असल्याचे जाहीर केले. प्रत्येक रुग्णालयाची कामाची रीत वेगळी. पण प्रणाली वरून ठरवून पाठविली गेली. मात्र या अपयशातही एक गोष्ट टिकली, आणि आम्हांला तीच अधिक शिकविणारी वाटते. क्ष-किरण चित्रे फिल्मऐवजी संगणकावर साठविण्याची आणि पाहण्याची सोय त्याच कार्यक्रमातून इंग्लंडभर पोहोचली व डॉक्टरांनी ती आनंदाने स्वीकारली. फिल्म हरविणे, ओली फिल्म वाळेपर्यंत थांबणे, दुसऱ्या रुग्णालयातून जुनी फिल्म मागविणे या कटकटींना ते आधीच विटले होते. त्यांची अडचण खरी होती आणि मिळालेली सोय नेमकी तिच्यावर होती.

तिसरे उदाहरण आम्ही आमच्या परिचारिकांच्या प्रशिक्षणात नेहमी सांगतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतील संगणक प्रणाली १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून डॉक्टर, औषधनिर्माते आणि प्रणाली लिहिणारे यांनी शेजारी बसून घडविली. पुढे ती 'व्हिस्टा' या नावाने प्रसिद्ध झाली. २०१८ साली ती बदलण्याचे काम हाती घेण्यात आले, पण चार दशके तिने रुग्णांची सेवा केली. तिच्यातील एक फार उपयुक्त भाग एका परिचारिकेच्या निरीक्षणातून आला. कॅन्सस राज्यातील टोपेका येथील ही परिचारिका १९९०च्या दशकाच्या प्रारंभी भाड्याची मोटार परत करीत होती. तेथील नोकराने मोटारीवरील पट्टीसंकेत, म्हणजे बारकोड, हातातल्या यंत्राने वाचला आणि काम झाले. तिच्या मनात आले, मोटारीसाठी हे होते तर रुग्णाच्या गोळीसाठी का नाही? रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे पाकीट दोन्ही यंत्राने वाचून मगच औषध द्यावयाचे, ही पद्धत तिच्या रुग्णालयात सुरू झाली आणि दशक संपता संपता देशभरातील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत पसरू लागली. ही सूचना कोणत्याही संगणक विभागाला सुचली नसती. पहाटे चार वाजता दोन सारख्याच गोळ्या हातात घेऊन उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर कधी येत नाही.

आता घराकडे वळतो. गायीच्या प्रसंगानंतर आम्ही नवी प्रणाली विकत घेण्याची घाई केली नाही. विश्वस्त मंडळाने त्या वेळी जे धैर्य दाखविले त्याचा उल्लेख केला पाहिजे; नवे यंत्र आणणे सोपे असते आणि त्याचे छायाचित्रही अहवालात चांगले दिसते. त्याऐवजी आम्ही एक साधे काम केले. संगणक विभागाकडे यंत्रांची यादी होती : इतके संगणक, इतके छपाईयंत्र, एक सर्व्हर. ती बाजूला ठेवून आम्ही सेवांची यादी केली. 'रात्री दोन वाजता केसपेपर निघणे' ही एक सेवा. 'रक्तगटाचा अहवाल शस्त्रक्रियागृहात पोहोचणे' ही दुसरी. 'निर्धन रुग्णाची नोंद पहिल्याच खिडकीवर होणे' ही तिसरी. ब्रिटिश सरकारच्या संगणक संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस या विषयावर जी पुस्तकमाला सिद्ध केली आणि जी 'आयटिल' या नावाने जगभर वापरली जाते, तिचे सार आमच्या समजुतीप्रमाणे हेच आहे, की विभागाने यंत्रे सांभाळावयाची नसून सेवा द्यावयाची असते.

प्रत्येक सेवेपुढे आम्ही आणखी एक रकाना काढला : ही सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल? येथे खरी गंमत झाली. प्रत्येक विभागप्रमुखांचा आग्रह होता, की आपली सेवा एक मिनिटही बंद राहता कामा नये. लेखा विभागाने तर वेतनपत्रकाला अतिदक्षता विभागाच्या जोडीला बसविले होते. तीन बैठका त्यातच गेल्या. अखेर मेट्रनबाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे बंद पडले तर कोणता रुग्ण दगावेल, त्याचे नाव सांगा." त्यानंतर यादी भराभर लागली. अपघात विभाग आणि रक्तपेढी अगदी वर गेल्या. वेतनपत्रक दोन दिवस थांबू शकते असे ठरले. आणि आपल्या हाती असलेल्या या वार्षिक अहवालाची जुळणी सर्वांत तळाशी गेली. यंदा तो आठ दिवस उशिरा आला त्याचे कारणही आपणांस आता कळले असेल.

दुसरा धडा सोमवारने शिकविला. आमच्या गावी सोमवारी आठवडे बाजार भरतो. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील लोक बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात, त्यामुळे बाह्यरुग्ण विभागात त्या दिवशी उभे राहण्यास जागा नसते. नेमक्या त्याच दिवशी प्रयोगशाळेचे अहवाल अडकत. संगणक विभागाचा मुलगा धावत येई, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करी, काम चालू होई, सारे त्याला धन्यवाद देत. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. हा प्रकार दोन वर्षे चालला. वर उल्लेखिलेल्या पुस्तकमालेत 'घटना' आणि 'समस्या' असा भेद केला आहे. आमच्या वैद्यकीय अधीक्षकांनी तो एका वाक्यात समजावून दिला : "तुम्ही दर सोमवारी ताप उतरवता आहात, ताप कशाने येतो ते कोणी पाहिले का?" पाहिले तेव्हा कारण हास्यास्पद निघाले. लेखा विभाग मागील आठवड्याचा मोठा गोषवारा सोमवारी सकाळी दहालाच काढीत असे आणि त्या अर्ध्या तासात सर्व्हरला दुसरे काही सुचत नसे. तो गोषवारा रविवारी रात्री निघेल अशी व्यवस्था केली. एक पैसाही खर्च झाला नाही. दोन वर्षांत किती लोक बाजार सोडून अहवालासाठी बाकावर बसून राहिले असतील, याचा हिशेब मात्र आमच्याकडे नाही.

परंतु वर्षभरात ज्या कामाचे आम्हांला सर्वाधिक समाधान आहे, आणि जे अजून पुरते साधलेले नाही, ते म्हणजे रुग्णाला घरी सोडण्याचे. आपल्यापैकी ज्यांनी येथे नातेवाइकाला ठेवले असेल त्यांना हा अनुभव आहे. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जा." सारे आवराआवर करून बसतात. आणि दुपारचे चार वाजतात, बिल तयार नसते. साडेपाचला शेवटची एसटी सुटते. ती चुकली की आणखी एक रात्र आवारातील झाडाखाली, आणखी एका दिवसाची मजुरी बुडाली, घरी मुले शेजाऱ्यांच्या भरवशावर.

आम्ही तक्रार केली तेव्हा पुरवठादारांनी यंत्र लावून दाखविले. बिल छापण्यास दोन सेकंद लागत होते. त्यांच्या दृष्टीने सेवा शंभर टक्के चोख होती. मग आमच्या दोन प्रशिक्षणार्थी मुलींनी हातात वही घेऊन एकेका रुग्णाच्या कागदामागून दिवसभर पायपीट केली. न वापरलेली औषधे वॉर्डातून औषध विभागात परत जातात, तेथे ती मोजून वजा होतात, प्रयोगशाळेची शेवटची तपासणी नोंदली जाते, शासकीय योजनेचा रुग्ण असेल तर आरोग्यमित्रांकडे कागद जातात, समाजसेविकांची सवलतीची शिफारस येते, आणि मग बिलाची खिडकी. प्रत्येक ठिकाणी काम पाच-दहा मिनिटांचे. पण प्रत्येक ठिकाणी कागद ट्रेमध्ये पडून राही, कारण पुढच्या माणसाला तो आल्याचे कळतच नसे. जेवणाची सुट्टीही प्रत्येक खिडकीची वेगळी होती.

यावर प्रणालीत फक्त दोन बदल करून घेतले. आदल्या संध्याकाळी निवासी डॉक्टर ज्या रुग्णाला उद्या सोडणे संभवते त्याच्यापुढे एक खूण करतात. ती खूण दिसताच औषधांची परतफेड आणि सवलतीचे कागद त्याच रात्री पुरे होतात. आणि ज्याला एसटीने जावयाचे आहे त्याच्या नावापुढे गाडीची वेळ लिहिली जाते; बिलाच्या खिडकीवर यादी आगमनाच्या क्रमाने न लागता त्या वेळेच्या क्रमाने लागते. बिल किती सेकंदांत छापले हे मोजणे आम्ही सोडून दिले. किती कुटुंबांना शेवटची गाडी मिळाली एवढेच आता रोज वहीत लिहितो. शनिवारी अजूनही गाड्या चुकतात, कारण त्या दिवशी काही विभाग लवकर बंद होतात. योजनेच्या रुग्णांच्या बाबतीतही कधी कधी मंजुरी येण्यास वेळ लागतो, ते आमच्या हाती नाही. मात्र पूर्वी मंजुरी लांबण्याचे एक कारण आमच्याच घरात होते, ते गेले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारापूर्वीच्या मंजुरीसाठी अहवाल आणि चित्रे संगणकावरून पाठवावी लागतात. आमच्याकडे क्ष-किरण विभागाचा अहवाल कागदावर, आणि आरोग्यमित्र तो शोधत जिने चढताहेत, अशी परिस्थिती होती. आता अहवाल लिहून होताच त्यांच्या पडद्यावर दिसतो.

संगणकावर एवढी भिस्त ठेवली की त्याच्या बंद पडण्याचाही विचार करावा लागतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील नोंदणी, दाखले, अहवाल ही कामे हाताने करावी लागली. देशातील अग्रगण्य संस्थेवर ही वेळ येते, तर आपण कोणत्या झाडाचा पाला! त्यानंतर आम्ही महिन्यातून एका दुपारी मुद्दाम संगणक बंद ठेवून काम करण्याचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी जो गोंधळ उडाला तो सांगण्यासारखा नाही. तरुण कारकुनांना आंतररुग्ण नोंदवही कशी भरतात हेच ठाऊक नव्हते. अखेर सेवानिवृत्त झालेल्या एका जुन्या सिस्टरना विनंती करून बोलावले. त्यांनी दोन दुपारी बसून वहीच्या आडव्या-उभ्या रेघा आखण्यापासून सारे शिकविले आणि मानधनाचे पाकीट निर्धन रुग्ण निधीच्या पेटीत टाकून त्या गेल्या. आता प्रत्येक वॉर्डात छापील केसपेपर, नोंदवही आणि कार्बन कागद असलेली लाल पेटी आहे. माहितीची एक प्रत रोज अशा जागी ठेवली जाते जिचा जाळ्याशी संबंध नाही, आणि ती प्रत खरोखर उघडते का हे दर तिमाहीस तपासले जाते. पूर्वी प्रती काढल्या जात, पण त्या कोणी उघडून पाहत नसे.

गोपनीयतेबाबत दोन शब्द. वॉर्डातील संगणकाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असे आणि सर्व सिस्टर एकाच नावाने काम करीत. तो कागद काढून टाकला तेव्हा नाराजी झाली, कारण प्रत्येकीला स्वतःचा पासवर्ड लक्षात ठेवण्याचा त्रास वाढला. ती नाराजी अजून पूर्ण ओसरलेली नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. काही देणगीदार आपल्या देणगीतून कोणाला मदत झाली त्याची नावनिशी व छायाचित्रे मागतात. त्यामागील भावना आम्ही जाणतो, तरी यापुढे रुग्णाच्या लेखी संमतीवाचून आम्ही ती देणार नाही. कृपया राग मानू नये.

आता पुन्हा त्या ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नाकडे येतो. संगणकावरील खर्चाचा मोठा भाग यंत्रे विकत घेण्यावर होत नाही. तो होतो वार्षिक देखभालीवर, वीज गेल्यावर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्यांवर, माहितीच्या प्रतींवर आणि माणसांच्या प्रशिक्षणावर. खाटेवर नाव कोरता येते, वॉर्डावर कोनशिला बसविता येते; बॅटरीवर नाव कोरावे असे अद्याप कोणी म्हटलेले नाही. काही हितचिंतक कार्यालयातील वापरून जुने झालेले संगणक मोठ्या आपुलकीने देऊ करतात. त्यांच्याविषयी कृतज्ञता ठेवूनच सांगतो, की यापूर्वी स्वीकारलेल्या अशा संगणकांच्या दुरुस्तीत आमचा जो वेळ गेला तो पाहता, यापुढे त्याऐवजी एका कारकुनाच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलावा अशी आमची विनंती राहील. आणि खर्चाचे समर्थन करताना आम्हीही एक बंधन स्वतःवर घालून घेतले आहे. यापुढे संगणकावरील कोणताही नवा खर्च विश्वस्त मंडळापुढे येईल तेव्हा त्याच्या टिपणात यंत्राचे वर्णन शेवटी असेल. आरंभी कोणत्या खिडकीवरच्या कोणत्या माणसाचे काय सोपे होणार, आणि ते झाले की नाही हे सहा महिन्यांनी कोण पाहणार, हे लिहिलेले असेल. यंदा अशा दोन मागण्या आमच्या आम्हीच मागे घेतल्या, कारण पहिल्या ओळीत लिहिण्यासारखे काही सापडले नाही.

अनामतीच्या रकान्याचे काय झाले, असे आपण विचाराल. तातडीच्या रुग्णासाठी तो रकाना आता पडद्यावर येतच नाही. त्याच्या जागी समाजसेविकांना रात्री दूरध्वनी करण्याची सूचना येते. प्रणालीतील कोणताही बदल ज्या समितीच्या संमतीशिवाय होत नाही, तिच्यात मेट्रन, समाजसेविका, रात्रपाळीचा एक कारकून आणि रुग्णांच्या नातेवाइकांचा एक प्रतिनिधी असतात. पहिले प्रतिनिधी म्हणून आम्ही त्या शेतमजुराच्या थोरल्या भावालाच विनंती केली होती. ते आले, सारे ऐकून घेतले आणि एकच मागणी केली : 'तातडीच्या रुग्णास अनामत लागत नाही' हे खिडकीच्या वर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा, संगणकात काय आहे ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. तसा फलक लावला आहे. मात्र पुढील दोन बैठकांना ते आले नाहीत. विचारणा केली तेव्हा समजले, की बुधवारच्या बैठकीसाठी त्यांची दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे येत्या महिन्यापासून समितीची बैठक सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी दोन वाजता बाह्यरुग्ण विभागाच्या सभागृहात होईल आणि येण्या-जाण्याचे एसटीचे भाडे रुग्णालय देईल. आज येथे उपस्थित असलेल्या कुटुंबीयांपैकी ज्यांना समितीत यावयाचे असेल त्यांनी जाताना चौकशीच्या खिडकीवर आपले नाव आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहून द्यावी.